चर्चच्या भिंतीवरची खूण

हेस्टर क्वेलला आमच्या कचेरीत सगळे खचकी बाई म्हणत. अर्थात पाठीमागे, तोंडावर म्हणायची कुणाची छाती होती? लंडनखालून बोगदा नेताना वरची जमीन कुठे, किती खचेल हे आधीच सांगायचं, हे तिचं काम. चिकणमाती उकरली की आजूबाजूची माती पोकळीकडे सरकते आणि वर परातीसारखा उथळ खळगा पडतो. त्यात घरं असली की भिंती तडकतात.

लंडनच्या बर्मंड्सी भागात आमचा बोगदा एका गल्लीखालून जायचा होता. एका बाजूला चर्च, दुसऱ्या बाजूला विधवांची धर्मादाय घरं. ती घरं वीस मिलिमीटर खचतील, असं हेस्टरने सांगितलं. माती घट्ट धरून ठेवायला आधी जमिनीत सिमेंटचा रस भरा, म्हणाली. बोगद्याचा मुख्य साहेब गेथिन प्रॉसर हसला. "आधी मोजू तर खरं! तुला काय, स्वप्नातसुद्धा भेगाच दिसतात."

बोगदा खोदणारं मशीन गल्लीखाली शिरलं आणि घरं किती खचली याची मोजणी आली शून्य. प्रॉसर कचेरीभर मिरवत फिरला. मला त्याचा असा राग आला की चहा तसाच टाकून उठलो. हेस्टर मात्र सरळ त्या घरांकडे गेली, मीही तिच्यामागे गेलो.

विनिफ्रेड टॅपली नावाच्या आजींनी आतूनच ओरडून सांगितलं, "खांदा लाव गं पोरी! कालपासून दार रुसलंय माझ्यावर."

हेस्टरने खांदा लावला. दार फरशीला घासत होतं. तिने मागे वळून गल्लीपलीकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. आमची सगळी मोजणी चर्चच्या भिंतीत कोरलेल्या खुणेवरून व्हायची. एवढं जुनं चर्च, ते कशाला हलतंय! पण बोगद्याचा मार्ग नंतर चर्चकडे सरकवला गेला होता आणि खूण मात्र कुणी बदलली नव्हती. चर्च आणि घरं एकाच परातीत होती, बरोबरीने खाली जात होती. मग फरक दिसणार कुठून?

हेस्टरच्या होकाराशिवाय मशीन पुढे सरकत नसे. त्या संध्याकाळी तिने होकार दिला नाही.

"अगं, शून्य आलंय शून्य!" प्रॉसर ओरडला.

"म्हणूनच नाही देत. खाली माती उकरतोय आणि वर केसभरही हलत नाही? मला काय दूधखुळी समजलास? लांबच्या खुणेवरून मोज."

"आणि तोवर मशीन उभं ठेवू? वर कळवलं तर तुझी नोकरी जाईल."

"कळव की. नोकरी गेली तर दुसरी मिळेल. टॅपलीबाईंच्या डोक्यावरचं छत गेलं तर तू देणार आहेस का?"

नाइलाजाने पार नदीजवळच्या खुणेपासून मोजत आणलं. चर्च खचलेलं, घरंही खचलेली, आणि तीही एकतीस मिलिमीटर. प्रॉसरला तेवढ्यातही फट सापडली.

"म्हणजे वीसचा तुझाही अंदाज चुकलाच की!"

"चुकलाच," हेस्टर म्हणाली. "मी कमी घाबरले, एवढंच चुकलं. आता सिमेंट भर. तोवर मशीन तसूभरही हलणार नाही."

मशीन हललं नाही.