पान सत्तेचाळीसवरचा चहाचा डाग

दवाखान्यात त्याला खऱ्या नावाने ओळखणारं एकच होतं, ते म्हणजे हजेरीचं यंत्र. बाकी सगळ्यांसाठी तो रिस्टार्टकाका. कोणाचाही फोन आला की याचा पहिला प्रश्न ठरलेला, "बंद करून चालू केलंत का?" एकदा ऑपरेशनच्या डॉक्टरांनाही त्याने तेच विचारलं. डॉक्टर म्हणाले, "काका, आमच्या धंद्यात ती सोय नसते."

बावीस वर्षांपूर्वी तो इथे कारकून म्हणून लागला. पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा सगळे हातभर लांब उभे राहिले आणि याने स्क्रू काढून झाकण उघडलं. तेव्हापासून ते काम त्याच्या गळ्यात पडलं ते पडलंच. पूर्वी चादरी ठेवायच्या त्या खोलीत आता तीन सर्व्हर घरघरत होते; त्यांना नावं त्यानेच दिलेली, आपल्यापुरती. सगळ्यांत जुना म्हातारा, त्याच्याकडे पेशंटच्या नोंदी. औषधांचा साठा सासूबाईंकडे, कारण त्यांना एक आकडा इकडचा तिकडे झालेला खपत नसे. तपासण्यांचे रिपोर्ट पाठवणारा नवा सर्व्हर म्हणजे जावई. खोली पुरेशी गार नसली की रुसून बसायचा.

आणि एक निळ्या पुठ्ठ्याचं रजिस्टर. काय बिघडलं, कधी, कसं आणि किती वेळात ताळ्यावर आणलं, सगळं त्यात. पान सत्तेचाळीस सगळ्यांत मोलाचं: सगळंच एकदम बंद पडलं तर कोणाला कोणत्या क्रमाने उठवायचं. त्या पानावर कपाचा गोल डाग पडला होता. तो क्रम शोधताना एक अख्खा दिवस गेला होता आणि चहाचे सात कप.

मग संचालकांच्या मनात आलं की दवाखान्याचा कॉम्प्युटरचा कारभार सुधारायचा. कारभार किती पाण्यात आहे ते मोजायला एक सल्लागार बाई आल्या. कुठलीही गोष्ट बोटांवर मोजून सांगायची त्यांची पद्धत होती.

"शून्य म्हणजे काम होतच नाही. एक म्हणजे होतं, पण एखाद्या माणसाच्या हुशारीवर. दोन म्हणजे ठरवून होतं. तीन म्हणजे लिहिलेल्या पद्धतीने, कोणीही केलं तरी सारखंच. चार म्हणजे मोजून. पाच म्हणजे मोजलेल्यातून रोज सुधारून. प्रत्येक विभागाने स्वतःला आकडा द्यायचा आणि पुरावा जोडायचा; मी येऊन तपासून तो नक्की करेन. शेवटी एक स्वतंत्र विभाग होईल, त्याला प्रमुख मिळेल."

प्रमुख! रिस्टार्टकाकाने तो शब्द मनात दोनदा म्हणून पाहिला. बावीस वर्षं तो कागदोपत्री कारकूनच होता. चादरींच्या खोलीच्या दारावर पाटी लागेल, पाटीवर खरं नाव असेल. एवढंच हवं होतं त्याला.

"खुर्ची तुमचीच आहे, भाऊ," साडू म्हणाला.

हा साडू, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, दवाखान्याचा प्रशासन अधिकारी. त्याला इथे चिकटवला होता तोही काकानेच. अर्ज भरून दिला, तीन रविवार बसवून टायपिंग घोटून घेतलं. मग साडू शिड्या चढत गेला आणि काका शिडी धरून उभा राहिला.

"फक्त फॉर्म खरा भरा. कमी आकडा आला की वरून मदत येते. आणि ते रजिस्टर द्या दोन दिवस, छान टाईप करून देतो. तुमचं अक्षर म्हणजे मुंग्यांची मिरवणूक."

"साडूभाऊ, जपून हं. पोटच्या पोरासारखं आहे ते."

"मग मी मावसाच की त्याचा!"

दोघेही हसले.

दोन दिवसांचे बारा झाले. "देतो की, पळून चाललोय का मी?" असं दर सकाळी ऐकायला मिळे. तपासणीच्या दिवशी साडूचा फोन बंद आणि कपाटाला कुलूप.

"बिघाड झाल्यावर काय करायचं, ते लिहिलेलं आहे?" बाईंनी विचारलं.

"आहे. पण आत्ता हाताशी नाही."

"मग काम कसं करता?"

"पाठ आहे मला."

बाईंनी त्याच्याकडे दयेने पाहिलं आणि एकचा आकडा लिहिला. "कागद दिसला नाही तर तो नाही असंच धरावं लागतं."

पुढच्या आठवड्यात सभागृहात सगळ्यांसमोर पडद्यावर आकडे झळकले. कॉम्प्युटर कक्ष: एक. शेरा: 'सर्व ज्ञान एकाच व्यक्तीच्या डोक्यात. धोका मोठा.' बावीस वर्षं कोणाला त्रास होऊ दिला नाही, तर शेवटी तोच धोका निघाला. मागून कोणीतरी कुजबुजलं, "काका, लांब बसा, स्फोट व्हायचा."

मग प्रशासन: चार. 'बिघाड-निवारणाची लेखी पद्धत व मोजलेल्या नोंदी उपलब्ध. पुरावा सोबत.' आणि पडद्यावर पुरावा आला. अक्षर मागच्या रांगेतून वाचता येत नव्हतं, पण चहाचा गोल डाग भिंतीएवढा मोठा दिसत होता. खाली प्रशासनाचा ताजा, ओला वाटावा असा शिक्का.

काका उठला. तोंड उघडलं. तेवढ्यात संचालकांनी नव्या प्रमुखाचं नाव जाहीर केलं आणि टाळ्यांत त्याचा आवाज विरून गेला. साडू माईकवर म्हणाला, "भाऊंचं मार्गदर्शन होतंच."

जिन्यात काकाने त्याला गाठलं. "माझं पान होतं ते."

"हळू बोला, भाऊ. तुम्ही दाखवलं असतं तर कारकुनाची वही म्हणाले असते. मी दाखवलं, तर व्यवस्थापन झालं." साडूने खांद्यावर हात ठेवला. "खुर्ची घरातच राहिली ना?"

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. सख्ख्या बहिणीचा नवरा. तिचा चेहरा उतरला, पण जीभ शाबूत होती. "यापुढे तुम्ही यंत्रं ओळखा," ती म्हणाली, "माणसं ओळखायचं माझ्याकडे द्या." मग जरा वेळाने, "काही तरी खा."

मंगळवारी सकाळी अकरा वाजता वीज दोनदा गेली आणि दोनदा आली. तीनही सर्व्हर गप्प. नोंदणीच्या खिडकीपाशी रांग लागली; एक बाई तापलेलं बाळ खांद्यावर घेऊन पुन्हा पुन्हा विचारत होती, "जुना कागद मिळत नाही म्हणजे काय?" अहवालाची प्रत द्यायला आलेल्या सल्लागार बाई घड्याळ लावून चादरींच्या खोलीच्या दारात उभ्या. लेखी पद्धत कशी चालते ते बघायचं होतं.

साडूने पान सत्तेचाळीस उघडलं. टाईप करायचं राहूनच गेलं होतं.

"आधी म्हाताऱ्याला उठवा," तो वाचू लागला. "तो खोकला की सासूबाई. जावयाला शेवटी, आणि... गार वारा घालून."

"म्हातारा म्हणजे?" बाईंनी विचारलं.

साडूने काकाकडे पाहिलं. त्या एका क्षणात काका नुसता हाताची घडी घालून उभा राहिला असता, तरी पाटीवरचं नाव बदललं असतं. त्याला ते कळत होतं. बाळ रडलं. काका वाकला आणि त्याने डावीकडचं बटण दाबलं.

अठरा मिनिटांत सगळं सुरू झालं. बाईंनी रजिस्टर हातात घेतलं, तारखा पाहिल्या, अक्षर पाहिलं, मग काकाकडे बघितलं. त्यांना सगळं समजलं होतं.

"अहवाल मंजूर झालाय हो," त्या हळूच म्हणाल्या आणि वहीत लिहिलं: 'अठरा मिनिटं. पातळी चार, कायम.'

साडूने सुस्कारा सोडला आणि रजिस्टर काकापुढे धरलं. "भाऊ, कोण म्हातारा, कोण जावई, तेवढं समोर लिहून द्या. पुन्हा गडबड नको. आणि संध्याकाळी दोघं या घरी, जेवायलाच या."

काकाने पेन घेतलं. उद्याही त्या खिडकीपाशी कोणीतरी बाळ घेऊन येणारच होतं. डागाच्या कडेने त्याने सुवाच्य अक्षरात तिन्ही नावांचा उलगडा लिहिला, एकही शब्द न लपवता. आता ते पान कोणालाही वाचता आलं असतं. आता खरोखरच काकाची गरज उरली नव्हती.

"झालं, साहेब," तो म्हणाला.

"साहेब काय म्हणता? साडू ना आपण!"

काकाने पेनाला टोपण लावलं. "साडूभाऊंना मी रजिस्टर दिलं होतं," तो म्हणाला, "ते अजून परत आले नाहीत."