अकरा दिवसांत लावलेली घरटी

आनंदा घरत याला फिंच पाळताना मी चौदा वर्षं पाहतोय. तळोज्याच्या कारखान्यात तो बॉयलरवर होता, मी फिटर. पनवेलमध्ये आमची घरं पाठीला पाठ लावून आहेत. त्याच्या परसातला पिंजरा मीच बांधला. बारा फूट लांब, सहा रुंद, आत माणूस ताठ उभा राहील एवढा उंच.

फिंच म्हणजे चिमणीच्या निम्मा पक्षी. नराची चोच लालभडक, गालावर तांबूस ठिपका. मादी करडी. आवाज जत्रेतल्या पिपाणीसारखा. लोकांना वाटतं, नर-मादी एकत्र सोडले, घरटं टांगलं, की झालं. तसं केलं तरी अंडी येतात. पिल्लं येतीलच असं नाही.

आनंदा पावसाळाभर नर एका बाजूला ठेवतो, माद्या दुसऱ्या. मध्ये प्लायवूडची फळी. एकमेकांचं ऐकू येतं, दिसत नाही. तेव्हा खायला फक्त राळा, ते बारीक पिवळं धान्य. शरीराला विश्रांती मिळते. नवरात्रात घट बसले की तयारी सुरू. मोड आणलेला राळा, शेवग्याचा पाला, एक दिवसाआड उकडलेलं अंडं कुस्करून. बसायच्या काठ्या उकळत्या पाण्याने धुवायच्या. दर रविवारी एकेक पक्षी हातात घेऊन छातीचं हाड चाचपायचं. हाडाच्या दोन्ही बाजूंना मांस भरलं की पक्षी तयार. याला सहा आठवडे लागतात. मग फळी काढायची आणि भोक पाडलेल्या नारळाच्या कवट्या घरटी म्हणून टांगायच्या. आनंदाने कधी पाच आठवड्यांत काम उरकलं नव्हतं. म्हणून मी त्याला मानतो.

त्याची बायको भामा गेल्या माघात वारली. तेव्हापासून घरात तो एकटा. सकाळी एकदाच भात लावतो, दोनदा खातो. दिवसातलं बोलणं पक्ष्यांशी, आणि चहाच्या वेळी माझ्याशी. पक्ष्यांशी जास्त.

मुलगा भावेश उलव्याला नवव्या मजल्यावर राहतो. यंदा गणपतीला आला तेव्हा उभ्याउभ्याच म्हणाला, "बाबा, दसऱ्याला गाडी घेऊन येतो. तू आता इथे एकटा राहायचं नाहीस. पक्षी देऊन टाक कुणाला तरी."

आनंदा म्हणाला, "बघू."

त्याला जायचं नव्हतं. चहाला आला तेव्हा मी विचारलं, मग नाही का म्हणाला नाहीस?

"पोराला तोंडावर नाय कसा म्हनू, मेस्त्री? आई गेल्यापासून पयल्यांदा 'चल' म्हनलाय."

दुसऱ्या दिवशी गौरींचं विसर्जन. त्याच दिवशी त्याने राळा भिजत घातला. मला वाटलं, वेळ जात नसेल. पण अकराव्या दिवशी पाहतो तर फळी काढलेली, सातही कवट्या टांगलेल्या आणि नर चोचीत काथ्या घेऊन फिरतायत.

"अकरा दिवस?" मी म्हटलं. "सहा आठवडे कुठे गेले?"

"अंड्यावर बसलेला पक्षी कोन हलवत नाय. भावेशला म्हाईत हाय, मीच शिकवलाय. दसऱ्याला येल, अंडी बघंल, गप जाईल."

"माद्यांच्या छात्या बघितल्यास?"

"बघितल्या."

"भरल्यात?"

"तू फिटर हाय का डाक्टर?" असं म्हणून तो आत गेला. भरल्या नव्हत्या, हे त्यालाही कळत होतं.

दसऱ्यापर्यंत पाच कवट्यांत अंडी आली होती. भावेश एकटाच आला. बायको कीर्ती गाडीत बसून होती, गाडी लावायला जागा नव्हती म्हणे. त्याने बापाच्या हातात आपट्याचं पान दिलं, पाया पडला. मी तिथेच ओट्यावर होतो.

आनंदाने तयारी केलेली होती. घसा खाकरून म्हणाला, "हे बघ भावेश, मला यायचा होता. पन पक्षी बसलंत अंड्यावर. आता तीन महिने तरी..."

"अरे, मग राहू दे ना," भावेश म्हणाला. "उलट बरंच झालं. कीर्तीच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे, त्या येतायत. रूम त्यांनाच लागेल. मी तुला फोन करणारच होतो, पण म्हटलं तू बॅग भरून बसला असशील, तुला वाईट वाटेल."

"बॅग नाय भरली," आनंदा म्हणाला.

"हां, मग टेन्शनच नाही. मार्चनंतर बघू."

दहा मिनिटांत तो गेला. पिंजऱ्याकडे वळूनही पाहिलं नाही. आनंदाने जमवून ठेवलेलं निम्मं बोलणं तसंच राहिलं. बराच वेळ तो ते पान हातात धरून उभा होता. मग मला म्हणाला, "सुटलो." मी घरी आलो. सुटलेल्या माणसासोबत बसायला मला काही कारण नव्हतं. बसायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मागच्या भिंतीवरून हाक मारली. एक मादी पिंजऱ्याच्या तळाशी फुगून बसली होती, शेपूट वरखाली होत होती. अंडं अडकलं होतं. त्याने तिला खोक्यात कापडावर ठेवलं, वर बल्ब लावला, शेजारी गरम पाण्याचं भांडं. ऊब मिळाली तर कधी कधी अंडं सुटतं. नाही सुटलं. दुपारच्या आत ती मेली. पोट चाचपलं तर अंडं मऊ लागलं, कवच धरलंच नव्हतं.

कवचाला चुना लागतो. त्यासाठी पिंजऱ्यात समुद्रफेस टांगतात, म्हणजे माकूळ नावाच्या मासळीच्या पाठीतलं पांढरं, खडूसारखं हाड. उरणच्या किनाऱ्यावर वाहून येतं. माद्या ते टोचून टोचून संपवतात. मी जाळीवरची हाडं पाहिली. एकावरही चोचीची खूण नव्हती. एक काढून जिभेला लावलं. खारट, तोंड वाकडं होईल एवढं खारट.

"हे धुतलंस का?"

"धुतला. चाखून पन बघितला. बराबर लागला."

खारट म्हणूनच माद्यांनी ते टोचलं नव्हतं. आनंदाचं घर मिठागरावरचं. विसाव्या वर्षापर्यंत त्याने मीठ ओढलं. आजही भाजीवर मीठ घेतो, वर ताकात घालतो. त्याच्या जिभेला खारट कळत नाही. भामा डोंगराखालच्या नेरे गावची, तिला खारट लगेच कळायचं. दरवर्षी ही हाडं ती गोड्या पाण्यात भिजत घालायची, रोज पाणी बदलायची, आठव्या दिवसापासून जिभेला लावून बघायची. खारटपणा गेला की उन्हात. आनंदाला हाडं तयारच हातात मिळायची. चौदा वर्षं आम्ही दोघं सहा आठवड्यांची फुशारकी मारत होतो. तिचे आठ दिवस त्यात कुणीच धरले नव्हते.

"घरटी उतरव," मी म्हटलं. "नाहीतर बाकीच्याही जातील."

"उतरवली तर भावेशला काय सांगू?"

विचारून तोच थांबला. मग पिंजऱ्यात शिरला. सात कवट्या उतरवल्या. एकोणीस अंडी निघाली, ती त्याने परसात खड्डा करून पुरली. फळी परत लावली. एवढं झाल्यावर पायरीवर बसून मातीच्या हातानेच फोन लावला. त्याला कमी ऐकू येतं, फोन नेहमी स्पीकरवर असतो.

"भावेश, घरटी उतरवली. मी घाई केली. एक मादी मेली."

"अरे बापरे. मग आता?"

"आता मी मोकळा हाय. पन मला उलव्याला यायचा नाय. मार्चला पन नाय. गनपतीलाच सांगायला पायजे होता."

पलीकडे मिक्सर चालू होता, तो बंद झाला. "रूमचं बोललो म्हणून राग आला का?"

"आला. पन त्याच्यासाठी नाय. तेच्या अगोदरपासून मला यायचा नवता."

"बरं," भावेश म्हणाला. "जेवलास का?"

"जेवतो."

फोन ठेवून तो उठला. बादलीत गोडं पाणी घेतलं, हाडं त्यात सोडली. ती पाण्यावर तरंगतात, म्हणून वर ताट पालथं घालून दगड ठेवावा लागतो. दोनदा ताट कलंडलं. तिसऱ्यांदा बसलं.

"आठव्या दिशी ये, मेस्त्री," तो म्हणाला. "तुझी जीभ पायजे."

मी म्हटलं, येतो. तो जेवायला आत गेला. भात सकाळचाच होता.