पुसायचं तर तुझ्याच बोटानं

आमच्या आक्कानं दुसऱ्या कुणाचं बोलणं स्वतःच्या हातानं कधी पुसलं नाही. ते ज्याचं त्यानं पुसायचं. वाळूजच्या कारखान्यांतल्या बायका पाळी सुटल्यावर तिच्यापाशी बसून सुपरवायझरचं, ठेकेदाराचं सांगायच्या. ती ते लॅपटॉपवर टाइप करायची, मोठ्यानं वाचून दाखवायची आणि बाई जराशी जरी चुळबुळली तरी लॅपटॉप तिच्याकडं फिरवायची. "पुसायचं तर तुझ्याच बोटानं. हे बघ, हे बटण." मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा हादरलोच. आम्ही कामगार संघटनेची, पत्रकं काढणारी माणसं! आमच्याकडं आलेला शब्द परत जात नाही, छापून निघतो.

लॅपटॉप तरी केवढा! शाळेच्या वहीएवढा, औरंगपुऱ्यातल्या एका दुकानातून जुना घेतलेला, झाकणावर निळ्या झेंड्याचं स्टिकर. जेवणाच्या पिशवीत, भाकरीच्या फडक्यात गुंडाळून यायचा, म्हणून शिफ्टच्या बसमध्ये तिचं नाव पडलं डबा आक्का. कंपनीच्या आत न्यायची सोय नव्हती, त्यामुळं गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर ठेवायची आणि संध्याकाळी तिथल्याच बाकावर उघडायची. सुरू व्हायला तो इतका वेळ घ्यायचा की तोवर चहा संपायचा. "जाग येऊ दे त्याला. रातपाळी करून आलाय."

एकदा मी संघटनेचा मोठा, चकचकीत लॅपटॉप तिच्यापुढं ठेवला. तिनं हातसुद्धा लावला नाही. "एवढं धूड उघडलं की बाया गप होत्यात. साहेबाच्या टेबलावरून उचलून आणल्यावानी वाटतं. ह्या चिमणीला कोन भ्यायलंय?" मग मोबाइलवर का नाही घेत, असं विचारलं. "बाईचा मोबाइल नवरा बघतो, दीर बघतो, पोरं गेम खेळत्यात. तू त्याला बाईचा समजतोस व्हय? लई शहाणा हायेस." निदान पेनड्राइव्हवर एक कॉपी तरी ठेव, म्हणालो. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी चोरीच करायला सांगत होतो. "मंग ती पुसती ते काय नाटक?"

आक्का आणि तिच्यासोबतची शबाना, दोघीही पत्रा ठोकायच्या एकाच प्रेसवर काम करायच्या. ती प्रेस दोन बटणांची. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबली तरच वरचा लोखंडी ठोकळा खाली येतो, म्हणजे हात आपोआप बाहेर राहतात. पण माल जास्त निघावा म्हणून सुपरवायझरनं एक बटण चिकटपट्टी मारून कायमचं दाबून ठेवलेलं. एका हातानं बटण, दुसऱ्या हातानं पत्रा सरकवायचा. व्हायचं तेच झालं. शबानाच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. आणि ठेकेदाराच्या माणसानं दवाखान्यात काय सांगितलं? घरच्या दारात सापडली! माणसाची तीन बोटं खाणारं दार कुठल्या सुताराकडं मिळतं, ते मला कुणीतरी दाखवावंच.

शबाना टपरीवर आली, बँडेज बांधलेला हात मांडीवर ठेवून सगळं सांगितलं. "नाम डालो आक्का मेरा. डरती नै मैं." आक्कानं नाव टाकलं. कामावरची जखम ठरली तर तिला भरपाई होती, दारातली ठरली तर भोपळा. सगळं त्या एका जबाबावर उभं होतं. माझं पत्रक छापायला जायच्या बेतात होतं.

दोन-चार दिवसांनी ती परत आली. "ठेकेदारवाले बहन को लगाते बोले आक्का, मेरीच जगा पे. मैं बस हाथ दरवाजे में अटका बोलना."

"घरात दुसरं कोन कमावतं?" आक्कानं एवढंच विचारलं.

"कोई नै."

आक्कानं लॅपटॉप फिरवला. मी ओरडलो, "आक्का, नको! आपली अख्खी केस आहे ही!"

"आपली? बोटं तुझी गेली व्हय रे?"

शबानानं डाव्या हाताच्या बोटानं बटण दाबलं. स्क्रीन कोरी झाली. एवढा ढळढळीत गुन्हा, आणि तो पुसायला ज्या पोरीच्या हाताची बोटं तुटली तिचाच दुसरा हात!

ती गेल्यावर मी आक्कावर तुटून पडलो. ठेकेदाराचं काम तू फुकटात करून दिलंस, म्हणालो. तिनं अजून एक अर्धा चहा मागवला आणि टाइप करायला लागली. "शबानाचं शबानानं पुसलं. मशीन काय तिच्या एकटीची हाय? मी बी उभी ऱ्हाते तिच्यावर." कोणती प्रेस, पट्टी कुणी मारली, ती स्वतः किती वेळा एका बटणावर काम करते, सगळं लिहिलं. शबानाचं नाव नाही, बोटांचा उल्लेख नाही. खाली स्वतःचं पूर्ण नाव. आमच्या पत्रकाखाली 'समस्त संतप्त कामगार' असं असतं. एकट्या बाईचं ते उघडं नाव पाहून मी लॅपटॉपचं झाकण धरलं. "आक्का, काढून टाकतील तुला." तर म्हणाली, "चहा पी. गार व्हायलाय."

आक्काचा अर्ज सरकारी कचेरीत पोचला, कारखाना तपासणीचे साहेब आले, बटणावरची पट्टी निघाली. आणि पुढच्याच आठवड्यात आक्काला गेटवरून परत पाठवलं. कारण? काम कमी झालंय! त्याच सकाळी त्याच गेटमधून नव्या पोरी रांगेनं आत जात होत्या. निर्लज्जपणाला काही सीमा?

आक्का फर्दापूरला भावाकडं गेली. तिथल्या एका हॉटेलात आता पोळ्या लाटते. मी बसस्टँडवर सोडायला गेलो. आम्ही तुझ्यासाठी लढू, असं तावातावानं सांगितलं. ती म्हणाली, "लढ की. पन माझं नाव छापायच्या आधी मला फोन कर." करतो. आता प्रत्येकच बाईला करतो, त्यात निम्मी पत्रकं बारगळतात. शबानाच्या कागदावर अजून दारच आहे. ते पुसायला नको होतं, असं मी आजही आक्काला सुनावतो. "म्हन की," ती पलीकडून म्हणते, "तोंड तुझंच हाय."

परवा त्याच गेटवर पत्रकं वाटत होतो. शबानाची धाकटी बहीण पाळी सुटून टपरीवर आली, शेंगांची पुडी घेऊन बाकावर बसली. त्याच प्रेसवर असते ती. काम कसं चाललंय, विचारलं तर फणकारलीच.

"क्या बताऊं भाई, टार्गेटच नै होता. दोनों हाताँ लगते उस मशीन को. पैले एकीच बटन था बोलते, फटाफट होता था. कोन की औरत जाके कम्प्लेन करी."

ती औरत कोण, हे मी सांगितलं नाही. ती चिडून बोलत होती, भराभर शेंगा फोडत होती, आणि मी नुसता तिच्या हातांकडं बघत उभा होतो.