डॉ. विमल ठवकर यांनी मागे घेतलेला निबंध

डॉ. विमल ठवकर यांची आणि माझी पहिली गाठ पडली ती मे महिन्यातल्या एका दुपारी, बंद पंख्याखाली. तराजू चालू असताना पंखा लावायचा नाही, कारण वाऱ्याने काटा हलतो, हा त्यांच्या प्रयोगशाळेचा नियम होता. नागपूरचा उन्हाळा त्याला अपवाद नव्हता. खिडकीला वाळ्याचा पडदा, मानेवर ओला पंचा आणि समोर काचेच्या बशीत पांढरे तुकडे, अशा थाटात त्या बसल्या होत्या. मी नोकरी मागायला आले होते. माझ्या प्रमाणपत्रांकडे त्यांनी पाहिलेही नाही. चिमटा हातात दिला आणि म्हणाल्या, "उचल तो तुकडा. उन्हातून आली न तू? पाणी पे आधी, मंग उचल."

त्यानंतर एकवीस वर्षे मी त्यांच्या हाताखाली होते. मॅडमना साठ वर्षे पूर्ण होत आहेत म्हणून गौरवग्रंथ समितीने माझ्याकडे लेख मागितला, आणि प्रसन्न लिहा, असेही बजावले. मला प्रसन्न लिहिता येणार नाही. समितीला असा लेख नको असेल तर तिने खुशाल परत पाठवावा.

मॅडमचे काम थोडक्यात सांगते. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत, पांढरे आवरण असते, ती कूर्चा. ती कशाने टिकते आणि संधिवाताच्या दाहात तिचे काय होते, हा त्यांच्या आयुष्याचा प्रश्न. मॅडम मूळच्या भिवापूरच्या. मिरच्यांचे देठ खुडत बसणाऱ्या गावच्या बाया सुजलेले सांधे घेऊन त्यांना शोधत नागपूरला येत. त्यांना मॅडम बाजेचे उदाहरण देत. कूर्चेत कोलॅजन नावाच्या धाग्यांची वीण असते, ती बाजेची सुतळी. त्या विणीत पाणी धरून ठेवणारा गर असतो, ती वरची गादी. "गादी बसली तं भरता येते वं," त्या सांगत. "सुतळी तुटली का मंग बाज कामातून गेली." एवढे सोपे करून सांगणारा दुसरा डॉक्टर मी पाहिला नाही.

दाहात ही सुतळी तुटते की नाही, हे आम्ही मोजत होतो. शस्त्रक्रियेत रुग्णांच्या सांध्यांतून निघालेले कूर्चेचे तुकडे वजन करून तीव्र आम्लात शिजवायचे, मग त्यात रसायने घालायची. लालसर रंग येतो. रंग जितका गडद, तितके कोलॅजन जास्त. माझ्या पोटात मुलगी होती तेव्हा मॅडमनी मला आम्लाच्या वाफेजवळ फिरकू दिले नाही. प्रमुख संशोधिका असून त्या स्वतः नळ्या धरून उभ्या राहत, खोकत राहत, आणि मी पुढे झाले की ओरडत, "तिकडं बस. पोराले आम्ल पाजतं का?" घरून माझ्यासाठी ज्वारीची भाकर आणि मिरचीचा ठेचा आणत आणि मी खाल्ल्याशिवाय तराजूला हात लावू देत नसत. माझ्या सख्ख्या आईने माझे एवढे केले नसेल.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला बसले ते. संधिवाताच्या सांध्याचे अस्तर सुजून वाढते आणि दुधावरच्या सायीसारखे कूर्चेवर पसरते. तुकडा तोलण्याआधी ही साय भिंगाखाली खरवडून काढायची, असे मॅडमनी शिकवले होते, कारण तिच्यातही कोलॅजन असते. पण त्या बंद पंख्याखाली खरवडत बसले की तुकडा सुकायचा आणि वजन चुकायचे. पहिल्याच उन्हाळ्यात मी खरवडणे सोडले. वजन अचूक यावे म्हणून मी सायीसकट तुकडे तोलू लागले. वहीत मात्र दरवेळी 'स्वच्छ केले' असे लिहीत गेले.

रंग छान गडद येऊ लागला. आजारी कूर्चेतले कोलॅजन निरोग्याच्या जवळपास. मॅडमनी त्यावर निबंध लिहिला: दाहात गर जातो, पण वीण बराच काळ शाबूत राहते. निबंधाचे कौतुक झाले. आणि त्याच भरवशावर मॅडम रुग्णांना धीर देऊ लागल्या. दाह आवरायला सोन्याच्या क्षाराची इंजेक्शने असत, पण ती तेव्हा जालीम समजली जात, मूत्रपिंडाला अपाय करत. वीण शाबूत आहे तर घाई कशाला, अॅस्पिरिन आणि विश्रांतीवर थांबू, असे त्यांनी ठरवले. भिवापूरच्या शेवंताबाईंनाही त्यांनी हेच सांगितले. शेवंताबाई तेव्हा तिशीच्या होत्या. गुडघे सुजलेले होते, तरी त्या दवाखान्यापर्यंत पायी येत.

तीन वर्षांनी त्यांच्या नवऱ्याने त्यांना उचलून आणले. दोन्ही गुडघे दुमडलेले, सरळ होत नव्हते. मॅडमनी ते हाताने चाचपले, क्ष-किरण चित्र काढून घेतले. हाडावर हाड घासत होते. त्या थेट प्रयोगशाळेत आल्या, आणि तोलल्यानंतर नमुना म्हणून जपून ठेवलेले जुने तुकडे बरणीतून काढून त्यांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली लावले. मी बाजूला उभी होते. साय तशीच होती. तिच्याखालची कूर्चा कुरतडून गेली होती. आम्ही इतकी वर्षे रोगालाच मोजत होतो आणि त्याला आरोग्य म्हणत होतो.

मी कबूल केले. वाटले, आता हाकलतील. त्या म्हणाल्या, "रडून काय होते? वही आण." दुसऱ्या दिवशी त्यांनी निबंध मागे घेत असल्याचे पत्र लिहिले. 'ही चूक माझी आहे' एवढेच त्यात होते, माझे नाव कुठेही नव्हते. मी भांडले, तर म्हणाल्या, "तुले पुढं नोकरी कराची आहे. चूप बस." मी चूप बसले. विभागप्रमुखपद दुसऱ्याला मिळाले, सभांमधून त्यांच्या निबंधाची टिंगल झाली, आणि मी चूपच होते. पुढे त्याच प्रयोगशाळेत मला बढतीही मिळाली.

पत्र टाकल्यावर मॅडम मला घेऊन एसटीने भिवापूरला गेल्या. शेवंताबाई ओसरीवर पाय दुमडून मिरच्या खुडत होत्या. मॅडम खाली त्यांच्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "तुले सुई द्याले पायजे होती. मी नाही दिली. माझं चुकलं." शेवंताबाई खुडायच्या थांबल्या नाहीत. म्हणाल्या, "मले तं आता चालताच येत नाही बाई. मंग आता सांगून काय कराचं?" दाह थांबवता येतो. तुटलेली वीण कोणी पुन्हा विणून देत नाही, आणि एवढी वर्षे याच विषयात घालवूनही आम्हाला तो मार्ग सापडलेला नाही.

गेली आठ वर्षे हाच रोग मॅडमच्या बोटांत आहे. स्वतःवर त्यांनी सोन्याची इंजेक्शने लवकर सुरू केली, पण मूत्रपिंडे बिघडू लागल्याने ती थांबवावी लागली. आता चिमटा सोडा, चहाचा कपही त्यांना दोन्ही तळव्यांत धरावा लागतो. सकाळी उठल्यावर बोटे उघडायला दोन तास लागतात. आपल्या सांध्यात आज काय चालले आहे, कुठला धागा तुटतो आहे, हे त्यांना इतर कोणाहीपेक्षा नीट कळते. असे ज्ञान वैऱ्यालाही मिळू नये.

इथवर लिहून मी लेख त्यांना वाचून दाखवला. एवढ्या वर्षांनी का होईना, दोष माझ्या नावावर यावा, एवढीच माझी इच्छा होती. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "एक राह्यलं लिवाचं, कुसुम. पहिल्याच उन्हाळ्यात तुझ्या बशीत मले साय दिसली होती. मी बोलणार होतो, तेवढ्यात तुझ्या नळीत रंग आला. मले तोच रंग पायजे होता वं. म्हणून नाही बोललो." डोळे उघडून म्हणाल्या, "हेही छाप."

छापते आहे. शेवटी दीर्घायुरारोग्य चिंतावे, असे समितीचे सांगणे आहे. आरोग्य मी चिंतू शकत नाही. कूर्चेचा अभ्यास केलेल्या बाईने तसे लिहिणे म्हणजे वहीत पुन्हा 'स्वच्छ केले' लिहिण्यासारखे होईल. दीर्घायुष्य मात्र मागते, आणि तेही स्वार्थाने. शेवंताबाई मागच्या वर्षी गेल्या. त्यांच्या गुडघ्यांचे काय झाले, हे जाणणाऱ्या आता आम्ही दोघीच उरलो आहोत. मॅडम, तुम्ही खूप जगा. हे सगळे एकटीने माहीत असणे मला झेपणार नाही.