कोळशाचा मापाडी

आमच्या वेस्ट हार्लो गावात दगड भिरकावला तर तो कुठल्यातरी कोलबर्नच्या छपरावर पडतो, आणि नेम चांगला असेल तर कोलबर्न आडनावाच्या पदाधिकाऱ्याच्या डोक्यात. कारभारी मंडळाचा अध्यक्ष कोलबर्न. गावाच्या क्लार्क ईनिडबाई, त्या कोलबर्न. कॉन्स्टेबल कोलबर्न, शाळा मंडळावर दोन कोलबर्न, आणि राज्याच्या राजधानीत, मॉन्टपिलियरला, आमदार म्हणून जाऊन झोपा काढतो तोही कोलबर्नच. बॉस्टनहून सुट्टीपुरती येणारी माणसं नाक मुरडतात. म्हणतात, "एका घराण्याचं राज्य आहे तुमच्याकडे." मी त्यांना सांगते, कसलं राज्य अन् कसलं काय! त्यातले निम्मे एकमेकांचं तोंड पाहत नाहीत. ईनिड आणि कॉन्स्टेबल तर सख्खे चुलतभाऊ-बहीण, पण एका कुंपणावरून त्यांचं जे बिनसलं ते आजतागायत. आम्ही गावकरी त्यांना कामावरून ओळखतो: कचेरीची कोलबर्न, शाळेचा कोलबर्न, मॉन्टपिलियरचा कोलबर्न.

आणि रस्त्याचा कोलबर्न. तो वेंडल.

गंमत अशी, की या सगळ्या गोतावळ्यात आडनावाला सगळ्यात जास्त जागला तो वेंडल, आणि त्याच्याच अंगात कोलबर्नांच्या रक्ताचा थेंब नाही. त्याची आई आमच्या इथल्या एका गोठ्यावर स्वयंपाकाला होती, नदीपलीकडच्या गावची. पोर आठ वर्षांचं असताना ती न्यूमोनियानं गेली. तेव्हाचा कायदा असा, की निराधार माणूस ज्या गावचा, त्या गावानं त्याला पोसायचं. म्हणजे पोराला नदीपलीकडे धाडायला हवं होतं, आणि तिकडे त्याला ओळखणारं कुत्रंही नव्हतं. मार्चच्या गावसभेत विषय निघाला: या मुलाला गावानं ठेवायचं का? माझे वडील क्लेटन उठले आणि म्हणाले, "शाळेची शेगडी फुटलीय, आपलीच पोरं कुडकुडतायत. परक्याचं पोर कुठून पोसायचं?" वडिलांच्या जिभेला हाड नव्हतं, ते माझ्याकडेही उतरलं आहे. चिठ्ठ्या टाकल्या गेल्या. एका मतानं पोरगं राहिलं.

निराधारांचं काम पाहणारे ऑल्डन कोलबर्न त्याला घरी घेऊन गेले. कागदोपत्री दत्तक वगैरे कुणी घेतलं नाही. शाळेत बाईंनी हजेरी घेताना "वेंडल कोलबर्न" असं पुकारलं, तो "हजर" म्हणाला, आणि झालं.

पुढे तो रस्तेप्रमुख झाला तो जवळजवळ चाळीस वर्षं. हे पदही आमच्याकडे निवडणुकीचं, दर वर्षी गावसभेत. पण निवडणूक कसली? सभापती विचारायचे, रस्तेप्रमुखासाठी नावं? कुणीतरी "वेंडल" म्हणायचं. मग दुसरं कुणी उठायचं, "नावं बंद करावीत आणि क्लार्कनं एक चिठ्ठी टाकावी." ईनिडबाई सगळ्या गावाच्या वतीनं एक चिठ्ठी पेटीत टाकायच्या आणि तेवढ्या एका चिठ्ठीवर वेंडल वर्षभरासाठी पुन्हा रस्त्याचा राजा. त्यानं लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, "रस्त्याशी लागलंय. ही बायको फार रुसते, मार्चमध्ये तर बघायलाच नको." मार्चमध्ये आमचे रस्ते बर्फ वितळून चिखलाच्या खिरीसारखे होतात, आणि तेव्हा वेंडल दिवसभर त्या खिरीत बुटांसकट उभा असायचा.

मी त्याची किती ऋणी आहे हे सांगायला हवं. एका हिवाळ्यात सकाळी माझ्या नवऱ्याच्या, मर्लच्या, छातीत कळ आली. बाहेर कमरेइतका बर्फ. ॲम्ब्युलन्स टेकडीखाली अडकली. वेंडलनं बर्फ सारायचा ट्रक काढला, ॲम्ब्युलन्सच्या पुढे लावला आणि आमच्या दारापासून थेट हॉस्पिटलच्या पायऱ्यांपर्यंत रस्ता उघडत नेला. आमच्या गावाची हद्द कुठे संपली ते त्यानं पाहिलंही नाही. मर्ल आज जिवंत आहे, तक्रारी करतो, माझ्या हातचं खाऊन नावं ठेवतो, हे सगळं वेंडलमुळे. मी आभार मानायला गेले तर म्हणाला, "अगं लोर्ना, रस्ता तिकडेच जात होता."

तर त्या वर्षीची गोष्ट. लाकडाची गिरणी बंद पडली आणि ऑल्डनचा नातू कर्टिस घरी बसला. बायको पोटुशी. पोरगा कष्टाळू, पण संकोची. हाक मारली तरी दचकणारा. तो आधी वेंडलकडेच गेला. "वेंडलकाका, या वर्षी रस्तेप्रमुखासाठी मी उभं राहू का? निवडून नाही येणार, पण गावाला कळेल तरी की मी कामाला तयार आहे. तुम्हाला राग नाही ना येणार?"

"राहा की," वेंडल म्हणाला. "मागितल्याशिवाय आईसुद्धा वाढत नाही."

बातमी गावभर झाली. कोलबर्न विरुद्ध कोलबर्न! पेट्रोल पंपावर मर्लनं मोठ्यानं जाहीर केलं, "जिंकणार कोण, तर कोलबर्न. पैज लावा." पण मनातून सगळ्यांना ठाऊक होतं की वेंडलच येणार. मलाही झोप लागली ती याच भरवशावर.

गावसभेच्या दिवशी सभागृह गच्च भरलं. शेगडी धडधडत होती, खालच्या स्वयंपाकघरातून भाजलेल्या घेवड्याचा आणि डुकराच्या मांसाचा वास वर येत होता, आणि प्रत्येकाचा एक डोळा घड्याळावर होता. वेंडल नेहमीच्या जागी, मागच्या बाकावर, टोपी मांडीवर ठेवून. सभापती हॉरेस प्रॅट यांनी नावं मागितली. दोन नावं आली. मग चिठ्ठ्या वाटल्या, आम्ही रांगेनं पेटीत टाकल्या. ईनिडबाईंनी दोघांना मदतीला घेऊन मोजल्या. मग पुन्हा मोजल्या. त्यांचा चेहरा शेगडीतल्या राखेसारखा झाला.

हॉरेसनं कागद वाचला आणि चष्मा काढून पुन्हा वाचला.

"कर्टिस कोलबर्न," तो म्हणाला. "एका मतानं."

  कर्टिस उभा राहिला, आणि शपथेवर सांगते, तो रडायच्या बेतात होता. "अहो, असं कसं? मी स्वतः काकांना मत दिलं!"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी मर्लकडे वळले. तो छताकडे पाहत होता. छतावर पाहण्यासारखं काहीही नव्हतं.

"मर्ल," मी म्हणाले.

"मला वाटलं," तो पुटपुटला, "बिचाऱ्याला चार मतं पडली तर बायकोसमोर काय तोंड दाखवेल. म्हटलं, आपलं एक. वेंडल तर येणारच होता ना?"

"तुझ्या छातीत कळ आली तेव्हा कर्टिस आला होता का रे?"

पुढच्या बाकावरची बाई हळूच म्हणाली, "मीही तेच केलं, लोर्ना." तिच्या पलीकडचा म्हणाला, "मीपण." कॉन्स्टेबल उठला आणि आयुष्यात पहिल्यांदा ईनिडबाईंच्या बाजूनं बोलला, "मोजणीत चूक नाही, चूक आपल्यात आहे." अर्ध्या गावानं एकमेकांना न सांगता, हरणाऱ्याची लाज राखायची म्हणून, एकेक मत दयेनं टाकलं होतं. दयाळूपणानं माणूस बुडवायचा असेल तर आमच्या गावाकडून शिकावं.

माझं टाळकं सरकलं. गावसभेचा नियम असा, की एखाद्या ठरावाचा फेरविचार मागता येतो, पण सभापतींनी पुढचा विषय हाती घेण्याआधी. एकदा पुढचा विषय सुरू झाला की झालं ते कायम. मी ताडकन उठले. "सभापतिमहोदय! फेरविचाराचा ठराव मांडते मी. पुन्हा चिठ्ठ्या घ्या, आणि या वेळी लोकांनी डोकं वापरावं."

चारी बाजूंनी "अनुमोदन, अनुमोदन" उठलं. मर्लनं सगळ्यात मोठ्यानं म्हटलं, तेवढी तरी अक्कल त्याला आली. हॉरेसला हायसं वाटलं असावं. त्यानं हातोडी उचलली.

"थांब हॉरेस," मागून आवाज आला. "लोर्ना, खाली बस."

वेंडल उभा राहिला होता. टोपी दोन्ही हातांत. गावसभेत त्याला मी रस्त्याच्या खड्ड्यांशिवाय कशावरही बोलताना ऐकलं नव्हतं.

"मी बसणार नाही," मी म्हणाले. "हे काम तुझं आहे. ते गेलं तर तू काय करशील? घरात बसून भिंतींशी बोलशील?"

"ते मला माहीत नाही," वेंडल म्हणाला. "काम मला हवंय, खोटं कशाला बोलू. सकाळी उठलो की पाय ट्रककडेच जातात. पण मीही कर्टिसला मत दिलंय. स्वतःला दिलं असतं तर आत्ता मी जिंकलो असतो. मग तुमच्यावर कुठल्या तोंडानं रागावू?"

कुणीतरी हसलं.

"मी आठ वर्षांचा होतो," तो पुढे म्हणाला, "तेव्हा याच बाकावर बसलो होतो. तुम्ही लोकांनी माझ्यावर मतं घेतली. एका मतानं मी राहिलो. जे हरले ते उठून म्हणू शकले असते, पुन्हा मोजा, पुन्हा घ्या. कुणी म्हटलं नाही. लोर्ना, तुझे वडील माझ्याविरुद्ध बोलले होते."

"ठाऊक आहे," मी म्हणाले. माझी मान खाली गेली. हे गाव काही विसरत नाही.

"पुढचं ठाऊक नाही तुला. दुसऱ्या दिवशी ते ऑल्डनच्या घरी आले. हातात आतून लोकर लावलेले बूट, माझ्या मापापेक्षा जरा मोठे. म्हणाले, 'काल मत घेतलं, ते संपलं. आता हा आपला पोरगा आहे, अनवाणी कसा हिंडेल?' मी ते बूट दोन हिवाळे घातले."

मला तिथंच बसावं लागलं. ते बूट मला आठवत होते. माझ्या भावाचे होते. ते हरवले म्हणून आईनं भावाला लाटण्यानं बदडलं होतं, आणि वडील टेबलाशी बसून, काही न बोलता सूप पीत होते. भाऊ म्हातारा होऊन मेला, तरी शेवटपर्यंत म्हणत होता, "मी नाही हरवले." मी माझ्या वडिलांना इतकी वर्षं एका वाक्यावरून तोललं होतं. भर सभागृहात मला रडू कोसळलं आणि मर्लनं त्याचा मळका रुमाल पुढे केला. तो मी घेतला. रागावले होते, पण घेतला.

"तर मत घेतलं, ते संपलं," वेंडल म्हणाला. "कर्टिसला मूल होणार आहे. तुम्ही त्याला दया म्हणून दिलं असेल. मलाही तुम्ही दयेपोटीच ठेवलं होतं. काही वाईट झालं का?"

 मी ठराव मागे घेतला.

हॉरेसनं हातोडी आपटली आणि पुढचा विषय घेतला. पुढचा विषय म्हणजे किरकोळ पदं. जुन्या कायद्यानं आमच्याकडे अजून कुंपण-तपासनीस निवडतात, लाकूड-तपासनीस निवडतात, आणि कोळशाचा मापाडी निवडतात. गावात कोळसा येणं बंद झालं त्याला एक पिढी लोटली, पण पद आहे. काम शून्य, मानधन शून्य. एरवी ते आम्ही सभेला न आलेल्या माणसाच्या गळ्यात मारतो, शिक्षा म्हणून. पण वर्षाच्या अहवालात गावाच्या अधिकाऱ्यांची नावं छापतात, आणि त्यांत कोळशाचा मापाडी असतोच.

"कोळशाच्या मापाड्यासाठी नावं?" हॉरेसनं विचारलं.

मी उठणार तेवढ्यात कर्टिस उठला. संकोची पोरगा, पण आवाज खणखणीत. "वेंडल कोलबर्न. आणि सभापतिमहोदय, मापाड्याला तराजू लागतो. तो रस्तेखात्याच्या शेडमध्ये, ट्रकजवळ ठेवावा, आणि मापाड्यानं तो रोज सकाळी तपासायला यावं. नाहीतर मला रस्ता सपाट करायचा ग्रेडर चालवायला कोण शिकवणार?"

वेंडलनं तोंडावर टोपी धरली. खांदे हलत होते. हसत होता की काय करत होता ते दिसलं नाही, आणि पाहायला आम्ही गेलो नाही.

"आणखी नावं?" हॉरेस म्हणाला.

मर्ल माझ्याआधी उभा राहिला. "नावं बंद करावीत," तो ओरडला, "आणि क्लार्कनं एक चिठ्ठी टाकावी!"

ईनिडबाईंनी एक चिठ्ठी लिहिली, सगळ्यांना दिसेल अशी वर धरली आणि पेटीत टाकली. या वेळी कुणाला दया दाखवायला आम्ही जागाच ठेवली नाही.