उजवीकडची जागा

लोटन नाना पक्षी उडून जायची वाट बघायचे.

बाकीचे फोटो काढणारे पक्षी येण्याची वाट बघतात. नानाही बघायचे, पण फक्त सकाळी. दर रविवारी आम्ही चोपड्याहून सातपुड्याकडे जायचो. ते मोटरसायकलवर, मी मागे माझ्या स्कूटीवर. नऊ वाजेपर्यंत नीलकंठ, धनेश, मोर. शिवाय रानपिंगळा. हे दिवसाउजेडी फिरणारं लहानसं घुबड नाना बारा वर्षं शोधत होते. एकदाच दिसलं होतं. तेव्हा लेन्सचं झाकण निघालं नव्हतं.

नऊनंतर ते लेन्स बदलायचे, स्टँड रोवायचे आणि एखादा डोंगर समोर धरून थांबायचे. त्या फोटोत जिवंत काही चालायचं नाही. फांदीवर कोतवाल पक्षी बसला, तर तो उठेपर्यंत थांबायचं. एकदा एक बकरी पाऊण तास हलली नाही. नानाही हलले नाहीत.

आणि उजवीकडची जागा रिकामी ठेवायचे. झाड डावीकडे, डोंगर डावीकडे. उजवीकडे नुसतं आभाळ.

मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा म्हणाले, "तठे माणूस बसस."

"कोण माणूस?"

"माहीत नही आजून."

एस.टी. स्टँडजवळ त्यांचा स्टुडिओ होता. लग्नं, वाढदिवस, पासपोर्ट साइज. पण तालुक्यात नाव होतं ते श्रद्धांजलीच्या बॅनरसाठी. लोक गेलेल्या माणसाचा फोटो घेऊन यायचे. बहुतेकदा लग्नाच्या घोळक्यातला. नाना त्यातून चेहरा कापून काढायचे, कॉलर नीट करायचे, आणि मागे स्वतः काढलेला डोंगर लावायचे. उजवीकडे तो माणूस बसायचा.

कॉम्प्युटरवर दोन फोल्डर होते, 'सुख' आणि 'दुःख'. सुखात फुगे, पडदे, गुलाब. ते इंटरनेटवरचे. दुःखात फक्त नानांचे फोटो. वापरला की तो फोटो ते डिलीट करायचे. एका जागेत एकच माणूस.

हा नियम द्रौपदाबाईंमुळे आला. त्यांचे मालक तोताराम गेले, तेव्हा नानांनी मागे एक तळं दिलं होतं. दोन वर्षांनी द्रौपदाबाईंची धाकटी जाऊ गेली. नानांनी विसरून तेच तळं दिलं. दशक्रियेला द्रौपदाबाई बॅनरसमोर उभ्या राहिल्या.

"हाई तं मना मालकनी जागा शे," त्या म्हणाल्या. "आठे तिले कसाले बसाडं?"

तिला इथे का बसवलं, याचा त्यांना जाब हवा होता. लोक हसले. नाना हसले नाहीत. त्या रात्री आपल्याला जेवण गेलं नाही, असं त्यांनी मला सांगितलं.

मागच्या वर्षी धुळ्याला त्यांची अँजिओप्लास्टी झाली. बरे झाल्यावर पहिल्याच रविवारी त्यांनी मला नाल्यापलीकडच्या एका टेकाडावर नेलं. तिथे एक एकटं अंजनाचं झाड आहे. डावीकडे झाड धरून त्यांनी फोटो घेतला. घरी जाऊन तो दोन्ही फोल्डरच्या बाहेर, मोकळा ठेवला. नाव दिलं, 'लोटन'.

"हाई मनी जागा," ते म्हणाले. बसमध्ये राखून ठेवलेल्या सीटबद्दल सांगावं तसं.

जूनमध्ये माझा एम.ए.चा निकाल लागला. अमळनेरच्या कॉलेजात मी मराठी घेतलं होतं. विद्यापीठात तिसरी आले. माझा भाऊ आकाश अभिनंदनाचा बॅनर करायला स्टुडिओत गेला. नाना नशिराबादला लग्नाला गेले होते. कॉम्प्युटरवर दिपमाला काकू होत्या, नानांच्या मिसेस. आकाशला फुगे नको होते. काकूंनी दुःखाचं फोल्डर उघडलं नाही. तेवढं त्यांना माहीत होतं. मोकळ्या फोटोवर 'लोटन' लिहिलं होतं. काढणाऱ्याचं नाव असेल, असं त्यांना वाटलं.

तिसऱ्या दिवशी नाना परत आले. आमच्या वस्तीच्या कमानीपाशी त्यांनी गाडी थांबवली. वर मी होते, खाली मोठ्या अक्षरांत 'मृणाली'. उजवीकडे, हसत. मागे अंजन.

मी धावत गेले. वाटलं, कौतुक करतील.

"बॅनर उतारी टाक," ते आकाशला म्हणाले.

"नाना, फोटो तुमनाच शे. जळी ऱ्हायनात का?"

"फोटो मस्त शे. उतार."

"बहीण तिसरी उनी विद्यापीठमा. आठ दिन तं ऱ्हाऊ द्या."

बॅनर आठ दिवस राहिला. मग शेजारच्यांनी तो बकऱ्यांच्या गोठ्यावर टाकला, उलटा. अजून येता-जाता माझा चेहरा दिसतो, हनुवटी वर.

पुढचे रविवार नाना दुसरी जागा शोधत होते. पक्ष्यांकडे बघायचेसुद्धा नाहीत. स्टँड रोवायचे, काचेतून बघायचे, मान हलवायचे, उचलायचे. ऑगस्टपर्यंत एकही फोटो घेतला नाही. चढ चढताना छातीवर हात ठेवून थांबायचे.

शेवटी मी म्हटलं, "नाना, तुमचाच फोटो वापरा ना. माझा बॅनर तर उतरला."

"जागा भरायनी. आते ती तुनी शे."

"पण मी जिवंत आहे."

"तेच तं," नाना म्हणाले. ते स्टँडचे पाय मिटत होते. "जित्तं माणूस तठे कधी बसनं नही. तू पहिली."

आमच्या घरात असल्या गोष्टींना थारा नाही. मी हसले. परत येताना मात्र मी दोनदा मागे वळून बघितलं. रस्ता रिकामा होता. दोन्ही बाजूंना केळी.

पुढच्या रविवारी मी गेले नाही. नेट परीक्षेचा अभ्यास आहे, असं कळवलं. अभ्यास नव्हता. नाना एकटे गेले. मंगळवारी दुपारी ते स्टुडिओतल्या खुर्चीत बसल्या बसल्या गेले.

बॅनर करायला काकूंनी मला बोलावलं. नाना कसे करायचे ते मी शेजारी बसून बघितलं होतं; तसं करणारं दुसरं कोणी नव्हतं. मी त्यांचा चेहरा कापला. कॉलर नीट केली. मग मागचा फोटो शोधू लागले.

स्क्रीनवर एक मोकळी फाईल होती. नाव होतं 'लोटन मृणाली'.

तेच टेकाड. तेच अंजन. पण या वेळी झाड डावीकडे नव्हतं, बरोबर मध्ये होतं. उजवीकडे आभाळ रिकामं. डावीकडे एक वाळकी फांदी, तिच्यामागे आभाळ तेवढंच रिकामं.

काकू माझ्या खांद्यामागून बघत होत्या.

"इकडं ते," त्या म्हणाल्या. "आन् इकडं कोन?"

फाईलचं नाव त्यांनी वाचलं होतं की नाही, मला माहीत नाही.

मी कॅमेऱ्यातलं कार्ड काढून लावलं. रविवारचे एक्केचाळीस फोटो होते. पहिला सात पन्नासचा, शेवटचा दहा दहाचा. सगळे तिथलेच. पहिल्या चाळीसांत त्या वाळक्या फांदीवर रानपिंगळा बसला होता. पिवळे डोळे, गोल डोकं, भर उन्हात. सरळ कॅमेऱ्यात बघत.

बारा वर्षं नाना तो पक्षी शोधत होते. तो समोर येऊन बसला. आणि दोन तास वीस मिनिटं नाना त्याच्या उडून जाण्याची वाट बघत उभे राहिले. अँजिओप्लास्टी झालेला माणूस, उन्हात. डावीकडची जागा मोकळी व्हावी म्हणून.

एक्केचाळिसाव्या फोटोत फांदी रिकामी होती. त्यांनी माझी सोय केली होती. त्यांच्या शेजारी.

मी पहिले चाळीस पुन्हा एकेक करून बघितले. मग बारावा फोटो घेतला. उजवीकडे नाना बसवले. डावीकडे पिंगळा तसाच राहू दिला.

"ते तं जित्तं काही ठेवत नव्हते," काकू म्हणाल्या.

"राहू द्या, काकू."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे."

बॅनर एस.टी. स्टँडसमोर लागला. लोक थांबून म्हणायचे, पक्षी चांगला घेतला, नानांना आवड होती. मी रोज तिथून जायचे. आधी डावीकडे बघायचे. तो बसलेला असायचा.

दहाव्या दिवशी बॅनर उतरवला. मी स्टुडिओत गेले. 'लोटन मृणाली' अजून स्क्रीनवर होती. डिलीट करायला घेतली. कॉम्प्युटरने विचारलं, नक्की का?

नाना फोटो कधी डिलीट करायचे, ते मला आठवलं. जागा भरली की.

मी 'नाही' दाबलं. फाईल तिथेच आहे.