खबरे शब्द आणि करमरकर मास्तर

एखाद्या माणसाचा संशय आला की त्याचे किस्से आपोआप जमतात, जमवावे लागत नाहीत! मिठाच्या सत्याग्रहानंतरचे दिवस. खबऱ्यांचं नुसतं पीक आलेलं. तशात आमच्या दिघीच्या शाळेवर इंग्रजी शिकवायला करमरकर मास्तर आले. मी तिथंच गणित शिकवायचो.

*

आगरदांड्याहून आलेल्या होडीतून मास्तर उतरले, तेव्हा होडीवाल्यानं विचारलं, "कुनाकडचे तुमी?"

"शाळेकडचा!"

आमच्याकडे माणूस कुणाचा तरी असावा लागतो. मामाचा, सासऱ्याचा, निदान सावकाराचा. हा कुणाचाच नाही! संध्याकाळपर्यंत गावानं ठरवून टाकलं, माणूस सरकारी.

*

पहिल्याच आठवड्यात मास्तरांनी फळ्यावर क्विकली, फ्रेंडली, कॉस्टली असे शब्द लिहिले. म्हणाले, "शेवटी एलवाय दिसलं की लगेच क्रियाविशेषण समजू नका. क्विकली क्रियापदाबरोबर जातं. फ्रेंडली, कॉस्टली ही विशेषणं, ती नामाबरोबर. 'तो फ्रेंडली बोलला' चालणार नाही, 'इन अ फ्रेंडली वे' म्हणा."

मागच्या बाकावरचा इब्राहिम उठला. "म्हंजे मास्तर, कपडे एकाचे नि काम दुसऱ्याचं?"

"अगदी बरोबर!"

"मंग हे खबरेच की!"

वर्ग हसला. मास्तरही हसले. खिडकीबाहेर उभे असलेले हेडमास्तर मात्र हसले नाहीत. "खबऱ्यांचं नाव निघाल्यावर हा हसला का?" असं ते मला दिवसभर विचारत होते.

*

शाळा सुटली की मास्तर रोज धक्क्यावर जाऊन बसत. "बोटी मोजतो!" हेडमास्तर म्हणाले आणि पाळत ठेवायला मला धाडलं. मास्तरांनी मला बोलावून शेंगदाणे दिले. हेडमास्तरांना शेंगदाण्यांचाही संशय आला!

*

शेवटी शाळेची कमिटी बसली. चेअरमन कासमभाई, लाकडाचे व्यापारी. उत्तर पटलं नाही तर मास्तरांनी सकाळची होडी धरायची, हे आधीच ठरलेलं. मला मात्र एव्हाना माणूस आवडायला लागला होता.

"रोज धक्क्यावर कशापायी बसता?" कासमभाईंनी विचारलं.

"बोटी बघतो."

"कुनी येनार हाय?"

"नाही."

"घरी कोन?"

"कुणी नाही. एकट्याला खोलीत बसवत नाही हो."

कासमभाईंनी टोपी डोक्यावर चढवली. मग म्हणाले, "मास्तर ऱ्हातील." हेडमास्तरांनी तोंड उघडायच्या आत ते उठलेही.

दुसऱ्या दिवसापासून कासमभाई चहाची किटली घेऊन धक्क्यावर मास्तरांच्या शेजारी बसायला लागले. बोलत काही नसत, नुसता चहा ओतून देत.

आठवड्याभरानं मास्तरांनी मला कोपऱ्यात ओढलं. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "हे कासमभाई रोज माझ्याजवळ येऊन का बसतात हो? तुम्हीही जरा सांभाळून बोला. मला माणूस सरकारी वाटतोय!"